दुसऱ्याच्या खिळ्यांवर गेलेल्या आठ धावा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्या छातीवर खिळ्यांच्या ओळी ठोकल्या आहेत, असं समजा. त्या खिळ्यांवर कुणीही यावं आणि हवा तो आकडा टांगून जावं. आकडा खरा असो की खोटा, तुम्हाला तो दिवसभर सगळ्या जगाला दाखवावा लागतो. तोंड नाही, त्यामुळे तक्रार करता येत नाही. जमलं का? मग तुम्हाला माझी गोष्ट समजेल. इतवारीपलीकडच्या मैदानावर उन्हात उभा असलेला जुना लाकडी धावफलक, तो मी.

भांड्यांच्या दुकानांतून आलेल्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या जोडून एका सुताराने १९६३ साली मला तयार केलं. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांवर पांढरे आकडे रंगवले. हंगाम सुरू होण्याआधी मला काळा रंग मिळे आणि लोक म्हणत, "फलक पहा, कसा चकाकून राहिला!" हंगाम संपला की मात्र मला कुणी विचारत नसे. मे महिन्याच्या उन्हात माझ्या फळ्या तडकत. बकऱ्या पाठ खाजवायला माझ्याकडे येत. माझ्या शिडीवर बायका गोधड्या वाळत घालत.

आमच्या मैदानावर एक पद्धत होती. गुणलेखक मधुकरराव संघाच्या धावा स्वतः मोजून वहीत लिहीत. पण कोणत्या फलंदाजाच्या किती धावा, हे ते षटक संपलं की माझ्याकडे पाहून उतरवून घेत. डावीकडच्या खिळ्यांवर एका फलंदाजाचे आकडे, उजवीकडे दुसऱ्याचे. माझ्यावर दिसेल तेच वहीत जाई. माझ्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. त्याचा मला फार गर्व होता.

आता गिरिधरचं सांगतो. गंज, पातेली अशी भांडी ठोकणारा हा कारागीर वीस वर्षं इतवारी संघाकडून खेळत होता. खरं सांगू? मला तो आवडत नसे. त्याच्या एका षटकाराने माझी खालची फळी फुटली होती आणि त्याने साधं वळूनही पाहिलं नव्हतं. तो कुणाशी गोड बोलत नसे. १९७८ साली तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला. त्याचे गुडघे कुरकुरत, पळताना तो मागे पडे. त्याच्यामुळे मुकुंद नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला संघात जागा मिळत नव्हती, आणि मुकुंद सगळ्या मोहल्ल्याचा लाडका होता.

त्या वर्षी चाळीस षटकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना जरीपटक्याच्या संघाशी होता. संघाचे सचिव कृष्णकांत माझ्याजवळ उभे राहून गिरिधरला म्हणाले, "हा तुझा शेवटचा सामना समज. हां, माझा एकशे अठ्ठावन्नचा विक्रम मोडलास, तर पुढच्या वर्षीही खेळ." आणि ते हसले. पंधरा वर्षांत तो विक्रम कुणी मोडला नव्हता.

गिरिधर म्हणाला, "हसून घ्या. बोललेलं ध्यानात ठेवा."

हे सगळं चारुशीलेने ऐकलं. ती मुकुंदची धाकटी बहीण, अकरा वर्षांची. शिडीवर चढून माझे आकडे बदलायचं काम तिचं होतं.

डाव सुरू झाला तशी शिवीगाळही सुरू झाली. आणि ती करणारे आमच्याच बाजूचे लोक होते!

"ए म्हाताऱ्या, काहून खेळून राहिला गा? घरी जाऊन गंज ठोक!"

"पळू नको गा, हाडं सांडतील!"

संत्र्यांची सालं मैदानात पडू लागली. गिरिधर एकेक चौकार मारत राहिला. त्याच्या नव्वद धावा झाल्या तेव्हा मुकुंद माझ्या पायाशी येऊन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाला, "चारू, ह्या बुढ्याने विक्रम केला त मी संपलो. मले पुढच्या वर्षीही पाणीच वाटावं लागेल."

चारूचे डोळे भरले. तेवढ्यात गिरिधरने चौकार मारला. डोळ्यांत पाणी असताना तिचा हात चुकला आणि त्या चार धावा समोरच्या टोकाला खेळणाऱ्या चंद्रभानच्या खिळ्यांवर गेल्या. षटक संपलं. मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं, आकडे वहीत उतरवून घेतले. संघाची बेरीज तर जुळतच होती. कुणाला काही कळलं नाही.

ही पहिली चूक खरोखर चूक होती. पाच षटकांनंतर गिरिधरने पुन्हा चौकार मारला. या वेळी चारूचे डोळे कोरडे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याही चार धावा चंद्रभानला देऊन टाकल्या.

मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं आहे. पण त्या दिवशी मला बोलायचंही नव्हतं. माझी फुटलेली फळी मला आठवत होती. मनात म्हटलं, बरं झालं.

डावाचा शेवटचा चेंडू गिरिधरने थेट सीमेपार धाडला आणि दोन्ही हातांनी बॅट उंच धरली. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर एकशे त्रेपन्न होते. सगळं मैदान हसत सुटलं.

"बुढ्याले मोजताही येत नाही गा!"

"शाळेत घाला रे त्याले!"

गिरिधरची बॅट हळूहळू खाली आली. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "एकशे एकसष्ट. जनम गेला माहा ठोके मोजण्यात. एक ठोका जास्त पडला त गंज वाकडा होते. दोन चौके चंद्रभानच्या खिळ्यावर गेले आहेत."

चंद्रभान मागून येतच होता. माझ्यावर त्याचे सत्तावन्न झळकत होते. अर्धशतकाच्या टाळ्या त्याने नुकत्याच घेतल्या होत्या. तो बुटांकडे पाहत म्हणाला, "मी काही मोजून नव्हतो राहिलो, दादा."

कृष्णकांत लगबगीने आले. "फलकावर एकशे त्रेपन्न. वहीतही एकशे त्रेपन्न. आणखी काय पाहिजे तुला? बॅट ठेव आता."

"पोरीले विचारा," गिरिधर म्हणाला.

"मले काय मालूम!" चारू ओरडली.

"तुले मालूम आहे," गिरिधर म्हणाला. त्याच्या आवाजात जराही माया नव्हती. "तुह्या भावाले जागा पाहिजे त मैदानात घे म्हणा. अशी काहून चोरता वं?"

"तिले काही बोलायचं काम नाही!" मुकुंद अंगावर धावून गेला. दोघातिघांनी त्याला धरलं. लोक कुंपण ओलांडून आत आले. एक साल माझ्या कपाळावर आपटलं. कृष्णकांत चारूकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "सांग बेटा, आकडे बरोबर लावले होतेस ना? फक्त हो म्हण."

मुकुंद तिच्याकडे पाहत होता. चंद्रभान पाहत होता. सगळ्यांना एकच शब्द हवा होता. आणि मित्रांनो, तेव्हा मला माझी लाज वाटली. फळी फुटली तर सुतार नवी ठोकतो. पण ज्या फलकावर लोकांचा विश्वास उरला नाही, तो जाळायच्या लायकीचा. मला दरवर्षी रंग द्या किंवा देऊ नका, बकऱ्यांनाही माझ्याशी खुशाल अंग घासू द्या. पण माझ्या खिळ्यांवर टांगाल ते खरंच टांगा. आवडत्या माणसाचं असो की नावडत्या.

चारू शिडी चढली. चंद्रभानचे सत्तावन्न काढून तिने एकोणपन्नास टांगले. मग शिडी डावीकडे सरकवून गिरिधरचे पाच आणि तीन काढले, आणि त्या जागी सहा आणि एक लावले. "चारू, उतर खाली!" मुकुंद ओरडत होता. साल तिच्या पाठीवर बसलं, दुसरं कानावर. तिने वळून पाहिलं नाही. खाली उतरल्यावर तिने शिडी ओढून गवतात आडवी पाडली आणि कुणालाही वर चढता येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्यावर बसून राहिली.