नावं एक ओळ खाली

मी अंबाजोगाईच्या रक्तदात्यांच्या यादीची वेबसाईट बोलतेय. राग आवरून बोलायचं ठरवलंय. जमेलच असं नाही.

दोन हजार एक साली एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी जन्मले. मला घडवलं शिवगंगाने. ती तिथे शिकवायची. तिचे काका रुद्रप्पा यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि रक्तदात्यांचं मंडळही त्यांनीच काढलेलं. दोनशे जणांची नावं, फोन आणि रक्तगट त्यांनी एका वहीत जमवले होते. पण वही दुकानात, दुकान रविवारी बंद, आणि रक्त काही वार बघून लागत नाही. म्हणून शिवगंगा म्हणाली, "काका, यादी इंटरनेटवर टाकू. कुणीबी कुठूनबी बघंल."

कल्पना उत्तम होती. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

पहिल्या दिवशी मी अगदी साधी होते. एका माणसाची एक ओळ. नावासमोर गाव, गावासमोर फोन, फोनसमोर रक्तगट. रुद्रप्पांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय ग? रेशनची यादी दिसायली. जरा शोभा आण की!"

मग शोभा आली. काळ्या आभाळात चांदण्या आल्या. 'सुस्वागतम' उजवीकडून डावीकडे पळायला लागलं. मला उघडलं की सनई वाजायची, ती बंद कशी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं मी सोसलं असतं. पण काकांना नाव-गाव-फोनची चौकट वेगळी हवी होती, रक्तगटांची लाल चौकट वेगळी, आणि नावांच्या डोक्यावर एक फिरती पणती.

"काका, एका माणसाची ओळ अशी मधी तोडू नये," शिवगंगा म्हणाली. "कुठंतरी हुकंल."

"कुठं हुकायली? बघ, समदं बरोबर समोरासमोर हाय."

क्लासच्या कॉम्प्युटरवर ते खरंच समोरासमोर होतं. तिने मान डोलावली. तिथेच माझं नशीब फिरलं.

आम्हा वेबसाईटींना दाखवायचं काम ब्राउझर करतो. त्या काळी दोन ब्राउझर जास्त चालायचे आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. पान कसं मांडायचं याचे नियम ठरलेले होते, पण जो तो ते आपल्या मनाने वाचायचा. एकात माझी पणती नीट बसायची. दुसऱ्यात तिच्याखाली थोडी जागा सुटायची आणि सगळी नावं एक ओळ खाली घसरायची. रक्तगट मात्र जागच्या जागी! म्हणजे प्रत्येकासमोर दुसऱ्याचंच रक्त. शिवगंगाने मला दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलंच नाही. सगळे लिहितात तसं तळाशी लिहून टाकलं, 'ही साईट अमुक ब्राउझरमध्येच पाहावी.' तेही अशा मराठी फॉन्टमध्ये, जो फक्त क्लासच्याच कॉम्प्युटरवर होता. बाकी ठिकाणी त्या सूचनेच्या जागी कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं दिसायची. आता बोला.

एका रविवारी सकाळी तेलगावचे मोहनराव बाजारातल्या सायबर कॅफेत आले. त्यांची बायको रोहिणी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बाळ सुखरूप झालं होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि साठ्यात नव्हतं. दवाखान्यातल्या कुणीतरी त्यांना माझा पत्ता लिहून दिला होता.

कॅफेत दुसरा ब्राउझर होता. सनई वाजली, चांदण्या चमकल्या. मोहनरावांचं बोट लाल चौकटीवरून खाली आलं आणि 'ओ निगेटिव्ह'वर थांबलं. सुदैवाने नावं तरी इंग्रजी अक्षरांत होती. समोर दिसलं, विठ्ठलराव, धारूर. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, हा नव्हे हो, याच्या खालची! पण मला आवाज दिलेला होता फक्त सनईचा.

पुढचं मला नंतर शिवगंगाच्या बोलण्यातून कळलं. विठ्ठलराव म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. मोहनरावांनी फोनवर विचारलं, "तुमचं ओ निगेटिव्हच हाय ना?"

"यादीत लिवलंय तर आसंलच की. तुमी फोन ठेवा, मी निघालोच."

ते मिळेल त्या जीपने आले. दीड तास गेला. दवाखान्यात तपासणी झाली. रक्त निघालं बी पॉझिटिव्ह.

रोहिणीची आई विमलबाई जावयासमोर येऊन उभी राहिली. "आवो, लेकीचा जीव चाललाय आन् तुमी कुणाचं कुणाला आणायलाव?"

विठ्ठलरावांना शरमेने वर बघवेना. पण त्यांनी मोहनरावांच्या दंडाला धरलं आणि थेट रुद्रप्पांचं घर गाठलं. शिवगंगा तिथेच होती. तिने काकांकडून किल्ली घेऊन दुकान उघडलं आणि वही काढली. विठ्ठलरावांच्या खालची ओळ होती भिवराबाईची. बांगड्यांचं दुकान, मंडी बाजार. दवाखान्यापासून दहा मिनिटांवर!

भिवराबाई अर्धं गिऱ्हाईक तसंच सोडून धावली. बाही वर करताना तिने एवढंच विचारलं, "मी हितं हाकेवर असताना धारूरला कावून गेलतात?"



रोहिणी वाचली. दोन दिवस तिने डोळे धड उघडले नाहीत, पण वाचली.

आणि रुद्रप्पा? 'वेबसाईटमुळे वाचले प्राण' अशी बातमी छापून आणायला निघाले होते! शिवगंगा त्यांना हाताला धरून सायबर कॅफेत घेऊन गेली. मला उघडलं आणि म्हणाली, "काका, तुमचं नाव शोधा. समोरचा रक्तगट वाचा."

त्यांनी वाचला. परत वाचला. "हे माझं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"दोनशे जणांचं न्हाई. चूक माजीबी हाय. मी दुसरीकडं उघडून बघितलंच न्हाई. पण आता मी सांगंल तसंच व्हईल."

त्याच दुपारी तिने माझ्या अंगावरचं सगळं उतरवलं. पुन्हा एका माणसाची एक ओळ झाले. दोन्ही ब्राउझरमध्ये तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं, बोट ठेवून. रुद्रप्पा शेजारी बसून वहीशी ताडून बघत होते. शोभेचं नाव त्यांनी काढलं नाही.

आज चार वर्षं झाली. शिवगंगा लग्न करून लातूरला गेली. मला सांभाळणारे नवे आले आहेत आणि काल त्यांच्यात चर्चा चालली होती, की ही फार जुनाट दिसते, हिला ब्लॉगची एखादी तयार थीम चढवू, फुलांची किंवा ढगांची. चढवा बाबांनो. नटण्याला माझी ना नाही. पण ओळ तोडू नका. आणि तुमच्या टेबलावर मी छान दिसले म्हणून हात झटकून उठू नका. मला ज्याची खरी गरज असते, तो कधीच तुमच्या टेबलाशी बसलेला नसतो.