कोर्ट उठेपर्यंत

गोदामातून मोबाईलचा खोका नाहीसा झाला तेव्हा दारावर हरेशची ड्युटी होती, एवढ्यावरून त्याचं नाव पोलिसांत गेलं. माल सापडला नाही, कुणी पाहिलंही नव्हतं. जामीन झाला, नोकरी गेली. मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी मजुरी बुडवून अंबाडीहून भिवंडीला यायचं, दुपारपर्यंत ताटकळायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. वर्षं सरली तरी पहिली साक्ष झाली नव्हती.

वकील रवींद्र सरळ माणूस. त्यांनी हरेशच्या बायकोला, हेमालीला, समजावलं की खटला लढवला तर तो सुटेलच, पण अजून चार-पाच वर्षं जातील. गुन्हा कबूल केला तर पहिलाच म्हणून थोडक्यात मिटेल.

"निर्दोष ठरणं महाग पडतं, वहिनी. परवडेल का ते बघा."

हेमालीने घरी विषय काढला. हरेश एकच धरून बसला, "मी चोरी केली न्हाय."

"मला म्हाईत हाय. पन त्यावर चूल पेटत न्हाय."

पुढच्या तारखेला हरेशने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? त्याने मागे वळून हेमालीकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. हेमाली बाकावर त्याच्याशेजारी टेकली, तसा तो उठून भिंतीकडे जाऊन बसला.

त्यानंतर कुठल्याच गोदामात त्याला घेईनात. सगळीकडे पोलिसांचा दाखला मागत. तो वीटभट्टीवर जाऊ लागला. घरात बोलणं कामापुरतं उरलं.

उन्हाळ्यात गावातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पोलीस सरळ त्यांच्याच दारात आले. हेमाली आडवी आली.

"यांनी न्हाय केलं, सायेब. मागच्या बारीलाबी केलं नव्हतं."

"बाई, मागचं तर त्याने स्वतः कोर्टात सांगितलंय," हवालदार म्हणाला.

हरेश सदरा अंगात घालून जीपमध्ये जाऊन बसला.

हेमालीने वकिलांना फोन लावला. जुनी शिक्षा आहे, आता दंडावर भागणार नाही, ते म्हणाले. ती कबुली मागे घेता येते का, तिने विचारलं. उद्या ऑफिसात या, ते म्हणाले.