पूर्ततेचा रकाना

वालावलकर साहेब शेरे होडीतच लिहीत. शाळा तपासायला जाणाऱ्या माणसाला पोचल्यावर फार कामं असतात. आधी शहाळं, मग गावकऱ्यांच्या तक्रारी, मग सुरमईचं जेवण आणि त्यामागून येणारी डुलकी. यात वर्ग बघायचा कधी? म्हणून खाडी ओलांडता ओलांडता शेरा कागदावर तयार करायचा आणि शाळेत गेल्यावर शेरेबुकात उतरवायचा. त्यांचा लाडका शेरा होता, 'शिक्षकांचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोचत नाही.' हा कुठेही चालायचा. शेवटचं मूल बहुधा खिडकीबाहेर बघत असतं.

१९६२ सालच्या त्या सकाळीही त्यांनी तोच लिहिला.

होडीवाला शिवा वल्हं मारता मारता कागदाकडे बघत होता. "साहेबानू, सात वर्सांनी इलास. तेवापण हयसरच लिवलेलास."

"तुझी आठवण चांगली आहे रे."

"होय तर," शिवा म्हणाला आणि गप्प झाला. खाडीवरचा माणूस मध्येच बोलायचा थांबला की सहसा वादळ येतं, नाहीतर कज्जा. साहेबांनी दोन्हींची थोडी वाट पाहिली.

शाळा एका खोलीची, मुलं एकोणीस, शिक्षिका एक. लीलाबाई केरकर, वय चोवीस, नोकरी तात्पुरती. आजच्या शेऱ्यावर त्या कायम होणार होत्या, नाहीतर घरी सावंतवाडीला परत. हे साहेबांना ठाऊक होतं आणि बाईंनाही. बाईंचा घसा मात्र पार बसलेला होता. साहेबांना बरंच वाटलं. शेरा या वेळी खराही निघत होता.

रीत म्हणून ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. बाई धडा सांगू लागल्या. एक वाक्य झालं की मुलं थांबत, क्षणभर समुद्राकडच्या दाराकडे कान देत आणि मगच एका सुरात ते वाक्य म्हणत. प्रत्येक वाक्याला तसंच.

साहेबांनी शेजारी बसलेल्या सीता नावाच्या मुलीला हळूच विचारलं, "मध्ये थांबता कशाला गो?"

"मागल्या गुरुजींचा सांगून होवंदे," सीता म्हणाली. तिला प्रश्नच खुळ्यासारखा वाटला असावा.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं. पलीकडे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे लाटा.

मुलांना सुट्टी देऊन त्यांनी शेरेबुक मागवलं. मागचं पान त्यांचंच होतं. १९५५, त्यांची वळणदार सही, तोच लाडका शेरा. 'शिक्षकास दिलेले मार्गदर्शन' या रकान्यात लिहिलं होतं, 'दिले.' शेजारचा रकाना 'शेऱ्याची पूर्तता.' तो कोणी भरत नाही, निदान साहेबांनी भरलेला पाहिला नव्हता. हा काठोकाठ भरला होता. बारीक, सरळ अक्षर.

'१२ नोव्हेंबर. वल्हे वर झाले.
१३ नोव्हेंबर. झाले.
१४ नोव्हेंबर. वारा उलटा. तरी झाले.'

असं दोन पानं. शेवटची ओळ जरा वाकडी होती. 'आज डोळ्यांपुढे अंधारी. वल्हे दिसले नाही.'

"हे काय?"

"हरिश्चंद्र मास्तर," लीलाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा शेरा वाचल्यावर रोज शाळा सुटली की किनाऱ्यावर उभं राहून पाढे ओरडायचे. शिवाची होडी खाडीच्या मध्यावर. तिथे ऐकू गेलं की शिवाने वल्हं वर करायचं. महिन्याभरात घशातून रक्त आलं. मालवणला नेईपर्यंत राहिले नाहीत."

"पण मी तर..." साहेब म्हणाले. पुढचं वाक्य होतं, 'मी तर वर्ग पाहिलाच नव्हता.' ते त्यांना पुरं करवेना.

"शेरा खरा होता का, साहेब? त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं म्हणतात, आवाज खणखणीत होता."

साहेबांनी पुस्तक उलटसुलट केलं. "आणि तुमचा घसा?"

बाई खाली बघत होत्या. "पुस्तक वाचल्यापासून मीही जाते. तोच शेरा आला तर पंचाईत नको."

साहेबांनी खिशातली शेऱ्याच्या कागदाची घडी काढली, बारीक तुकडे केले आणि ते टाकायला जागा सापडेना म्हणून परत खिशातच ठेवले. मग नोकरीत पहिल्यांदाच शाळेत बसून त्यांनी शेरा लिहिला. 'आवाज पोचतो. कायम करावे. किनाऱ्यावर जाऊ नये.' मार्गदर्शनाच्या रकान्याशी बराच वेळ अडून त्यांनी लिहिलं, 'मागील वेळी दिलेले रद्द.' जेवायला मात्र ते बसले नाहीत.

होडी भरती आल्यावरच निघाली. तोवर उतरतं ऊन खाडीवर पसरलं होतं. मध्यावर आल्यावर शिवाने होडी थोपवली.

"काय झालं?"

"रोजची येळ ती."

वारा पडलेला होता. किनाऱ्यावर कोणीच नव्हतं, शाळेचं दारही बंद होतं. आणि तिथूनच आवाज आला. फाटलेला, पण शब्द स्पष्ट. बे एके बे. बे दुणे चार.

शिवाने ओलं वल्हं साहेबांच्या मांडीवर ठेवलं. "सात वर्सां मीच करतंय. खरा सांगू? मास्तर जिते होते तेवा कधी आयकाक येवचा, कधी नाय. तरी मी वर केलंय. आज तुमी करा."

साहेब उभे राहिले. होडी डुचमळली. दोन्ही हातांनी त्यांनी वल्हं डोक्यावर धरलं. पाणी मनगटावरून कोटाच्या बाहीत उतरू लागलं.

पाढा थांबला नाही. तिनाचा सुरू झाला, मग चाराचा. वल्हं खाली कधी घ्यायचं, हे त्यांनी शिवाला विचारलं नाही.