बाजूला काढलेले तांदूळ

चुलीवर अन्न चढवण्याआधी घरातल्या माणसामागे एक चमचा तांदूळ बाजूला काढायचा, तो देवाचा वाटा. कोरियातल्या त्या गावातल्या साऱ्या ख्रिस्ती बाया तो रविवारी चर्चच्या पिशवीत ओतायच्या. कुमसूननं मात्र दोन वर्षं त्या पिशवीला हात लावला नव्हता.

जपान्यांनी टेकडीवर आपलं देवस्थान बांधलं होतं आणि ख्रिस्ती असून तिथं ती झुकली होती. नाही झुकलीस तर नवऱ्याला खाणीत धाडू, असं फौजदारानं बजावलं होतं. ती झुकली, आणि तरी नवऱ्याला नेलंच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. गावच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झुकले नाहीत. ते तुरुंगातच वारले.

चमचा काढायची सवय मात्र सुटेना. काढलेला वाटा खायचा कसा, आणि असल्या हातांनी देवाला द्यायचा तरी कसा? तिनं अंगणात पुरलेल्या किमचीच्या, म्हणजे खारवलेल्या कोबीच्या, रांजणाशेजारी एक मडकं पुरलं आणि त्यात टाकत गेली. वेडी बाई! देवाला द्यायचंही नाही आणि त्याचं खायचंही नाही.

कोरियातलं जपान्यांचं राज्य संपलं. शनिवारी सकाळी पाळकांची विधवा ओकजू कुमसूनच्या अंगणात येऊन उभी राहिली. तीही तुरुंगात होती, सुटून दहाच दिवस झाले होते.

"उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे गं, आणि त्यात वाटायच्या भाकरीला गावात तांदूळ नाही. त्या मेल्यांनी सगळं उपसून नेलं, नवा भात अजून हिरवा. तुझ्याकडे आहे काही?"

"आहे, मडक्यात पुरून ठेवलंय," कुमसून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "पण चालायचं नाही ते, पाळकीणबाई. बाटलेल्या हातचं आहे."

"कितीदा झुकलीस?"

"एकदा."

"पेत्र तर प्रभूचा पट्टशिष्य, त्यानं तीनदा नाकारलं प्रभूला. त्याच्याइतकीही मजल नाही गेली तुझी."

"थट्टा करू नका. तुमचे मालक गेले, आणि मी..."

"गेले. रोज आठवतात." ओकजू पायरीवर बसली. "ऐक. शेवटच्या दिवसांत मी हरले होते. ठरवलं, उद्या सकाळी पहारेकऱ्याला सांगायचं, झुकते म्हणून. सकाळी विचारायला कुणी आलंच नाही. जपान हरला होता. आणि गाव मला संतीण म्हणतंय! कुणाला बोलले नाही, तुला सांगतेय. आता मडकं काढ, नाहीतर मीच खणते."

दोघींनी मिळून मडकं काढलं, किडे निवडले, तांदूळ कुटून भाकरी वाफवली. कुमसून दुपारभर रडत होती आणि कुटत होती.

रविवारी ती चर्चच्या दाराशी, चपलांजवळ बसली. ओकजू भाकरीचं ताट घेऊन थेट तिथंवर आली, तरी कुमसूनचा हात उचलेना.

"घे गं. तुझ्याच मडक्यातली आहे."

"माझी नाही ती. देवाची आहे."

"मग तर घेच."

तिनं घेतली.

संध्याकाळी राळे शिजत घालताना तिनं दोन चमचे काढले, एक आपला, एक अजून न परतलेल्या नवऱ्याचा, आणि ते ओच्यात घेऊन ती चर्चकडे निघाली.