जवसाचं पाणी

बाराव्याचं पाणी डोक्यावर घालताना भावजय राणीचा हात उत्कर्षाच्या मानेमागं अडला. तिला वाटलं, काहीतरी चिकटलंय. तिनं रिठ्याचा फेस करून दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं, कढत पाण्याचे चार तांबे ओतले, पुन्हा चोळलं. मग मात्र पोट सावरत ती दोन पावलं मागं सरली.

"ताई, ह्ये सुटंना वं. दगडागत लागतंय."

उत्कर्षानं हात मागं नेला. मानेच्या वर केसांचा घट्ट गोळा झाला होता, मुठीत मावेल एवढा. तिला आश्चर्य वाटलं नाही. चार महिने ती आईच्या उशाशी होती. आधी साताऱ्याच्या दवाखान्यात, मग इथं माण तालुक्यात, भावाच्या घरी. इस्लामपूरच्या शाळेतून रजा काढून आली तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते. दवाखान्यात ते ओलेच अंबाड्यात कोंबायचे आणि तोच अंबाडा उशीला टेकवून डुलकी काढायची, असा क्रम पडला. आई गेल्यावर सुतकाचे बारा दिवस तेल नाही, फणी नाही. गुंता होणारच होता.

पण उंबऱ्यात बसलेली रंगुआत्या उठून जवळ आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्या डोक्यावर स्वतःची मनगटाएवढी जाड जट होती, कमरेखाली लोंबणारी. पस्तीस वर्षं तिनं ती फडक्यात बांधून वागवली होती. जट आली तशी ती परत सासरी नांदायला गेली नाही. देवीची म्हणून माहेरीच राहिली. तिनं उत्कर्षाच्या केसांकडं पाहिलं आणि हात जोडले.

"बाई आली."

"गुंता आहे, आत्या."

"मास्तरीण झालीस म्हणून बाईला गुंता म्हणतीस व्हय? उद्या शुक्रवार हाय. देवीचं करती त्या कोंडीबाच्या आईला सांगते, भंडारा लावून ओटी भरू. मग तुजं तू बग, इस्लामपुरात ऱ्हा न्हाईतर इलायतेत. पर फणी फिरवायची न्हाई."

भंडारा एकदा लागला की डोकं आपलं राहत नाही, हे उत्कर्षा लहानपणापासून पाहत आली होती. इस्लामपूरला जाऊन कात्रीनं ते पाच मिनिटांत उडवणं तिला अवघड नव्हतं. पण राणीला सहावा महिना होता. उद्या तिला साधा ताप आला तरी सगळ्यांना ती कात्री आठवली असती. बाहेरच्यांचं एक वेळ सोडून दिलं असतं. राणीलाच आठवली असती, हे उत्कर्षाला नको होतं. राणी आत्तासुद्धा पदराचं टोक दातात धरून उभी होती.

"कात्री लावत नाही," उत्कर्षा म्हणाली. "फणीही नाही. तुझ्या जटेला काय चालतं तेवढं सांग."

"पानी चालतंय. शिककाय चालती. पाल्याचं, बियाचं समदं चालतंय. साबण न्हाई, शांपू न्हाई, लोखंड तर न्हाईच न्हाई."

"आणि तेवढ्यानंच सुटली तर?"

"तर बाई नव्हतीच म्हणायचं." आत्या हसली. "पर सुटायची न्हाई. मी काय कमी पानी वतलंय व्हय?"

"उद्या सकाळी कोंडीबाच्या आईला येऊ दे," उत्कर्षा म्हणाली. "तोवर सुटलेली असेल."

तिचा आवाज इतका शांत होता की राणीनं तोंडातला पदर सोडला.

तिनं आधी केस टॉवेलात दाबून कोरडे केले. करडईचं तेल कोमट करून त्या गोळ्यावर थेंबाथेंबानं जिरवलं. राणीनं मूठभर जवस पाण्यात शिजत लावलं. पाणी दाट, बुळबुळीत झालं, तसं गरम असतानाच फडक्यातून गाळून घेतलं. निवल्यावर ते फडक्यातून उतरत नाही, हे आईनंच कधीतरी सांगितलं होतं. सांगताना आईचा हात कसा हलत होता ते उत्कर्षाला आठवलं. तिनं पातेलं उचलून न्हाणीतल्या दगडावर नेलं.

पण मानेमागं हात पोचला तरी डोळे पोचत नव्हते. अर्धा तास तिनं जवसाचं पाणी चोपडून बोटांनी चाचपडत ओढाताण केली. दोनचार केस तुटून हातात आले, गोळा होता तिथंच. राणीला हात लावायला ती सांगणार नव्हती. आत्या दोन हात अंतरावर दगडी जोत्याला टेकून बसली होती, आपलं काही नसल्यासारखी. मधूनच मान वळवून बघत होती.

उत्कर्षानं दोन्ही तळव्यांत गोळा धरून चोळायला घेतलं.

"आगं, चोळतीस काय!" आत्या ओरडली. "लोकर कवा चोळत्यात व्हय? चोळली की घट्ट बसती. सकाळी त्या राणीनं कढत पान्यात चोळूनच निम्मी बसवली."

बोलून झाल्यावर आत्याचा हात आपल्या जटेच्या फडक्याकडं गेला. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं होतं.

उत्कर्षानं मागं वळून पाहिलं नाही. "मग लोकर कशी सोडवायची?"

मेंढ्यांमागं आत्याचं सारं आयुष्य गेलं होतं. कातरलेली लोकर बोटांनी मोकळी करून चातीवर सूत काढावं तर रंगुबाईनं, असं आजूबाजूच्या चार वाड्यांत म्हणत. शेवटी ती उठली, लुगड्याचा काष्टा खोचला आणि दगडावर उत्कर्षाच्या मागं बसली.

"सर म्होरं. फणी लावायची न्हाई, पर बोटं लावायला कुनाची बंदी न्हाई."

तिनं गोळ्याच्या मुळाला हात लावला नाही. खालच्या टोकाशी, जिथं केस सुटे होते, तिथून सुरुवात केली. जवसाच्या पाण्यात बोटं बुडवायची, चिमटीत चार केस धरायचे, खाली नाही तर बाजूला खेचायचे. उत्कर्षाला फार दुखत नव्हतं, मधूनच एखादा केस ओढला जायचा तेवढंच. ऊन न्हाणीच्या भिंतीवरून खाली आलं. राणी दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

"आई, आई गं."

"ओरडू नगंस. मेंढरू बी एवढं ओरडत न्हाई."

"मेंढरू शाळेत शिकवायला जात नाही."

"म्हणून तर शानं असतंय."

राणी फसकन हसली. बारा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

मग एक बट सुटली. पूर्ण, मुळापासून टोकापर्यंत. आत्यानं ती उत्कर्षाच्या खांद्यावरून पुढं टाकली आणि तिचे हात थांबले.

उत्कर्षा वाट पाहत बसली. आत्या आत्ता उठून गेली असती तर तिला थांबवता आलं नसतं.

"माजी बाळंतपनात आली," आत्या म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, बाजारभाव सांगावा तसा. "पोरगी झालेली. अकराव्या दिशी गेली. मग चार म्हैनं मी डोक्याला हात लावला न्हाई. सासू म्हनली, बाई आली."

उत्कर्षाला बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं. जट म्हणजे नुसता गुंता, हेच ती शाळेत मुलांना शिकवायची. पण हात मागं नेऊन तिनं जवसाचं पातेलं आत्याच्या जवळ सरकवलं, एवढंच.

थोड्या वेळानं पाण्यात बोटं बुडाल्याचा आवाज आला.

दिवेलागणीच्या सुमारास शेवटची बट सुटली. दोन ओंजळी भरतील एवढे तुटके केस दगडावर पडले होते, पण बाकीचे पाठीवर मोकळे होते, तेलानं जड. आत्यानं स्वतःसाठी भिजवून ठेवलेलं शिकेकाईचं पाणी आणलं. न चोळता, वरून खाली हात फिरवत, तीन वेळा धुतलं. फेस जवळजवळ आलाच नाही, पण शेवटच्या पाण्यानंतर केसांवरून बोट फिरवलं की ते करकर वाजायला लागले. राणीनं लांबून बघितलं, मग जवळ येऊन मानेमागं हात घातला आणि टाळूपर्यंत चाचपून पाहिलं.

"काईच न्हाई," ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, "काईच न्हाई बया."

शुक्रवारी सकाळी कोंडीबाची आई ताटात भंडारा, खण, नारळ घेऊन आली. रंगुआत्या उंबऱ्यात बसली होती. उत्कर्षा आतल्या खोलीत वेणी घालत होती. दहाच्या एसटीनं तिला जायचं होतं.

"कुटं हाय लेक? बसवा पाटावर."

"पाट नगं," आत्या म्हणाली. "बाई न्हाई आली. गुंता हुता. मी सोडवला."

"तू?"

"मीच. ह्या बोटांनी."

मग कोंडीबाच्या आईचा आवाज जरा खाली आला. "आन मग तुजी गं, रंगू?"

उत्कर्षाची बोटं वेणीच्या अर्ध्यात थांबली. तिन्ही पेड हातात धरून ती उभी राहिली. आपल्यासाठी आत्यानं काय उघड्यावर मांडलंय ते तिला आत्ता कळत होतं, आणि बाहेर जाऊन मधे पडणं बरोबर नाही, हेही.

"माजी पस्तीस वर्सांची हाय," आत्या म्हणाली. "ती पान्यानं सुटायची न्हाई. तिचं काय करायचं त्ये मी बगीन. तू हितं बस, चा घे. आन त्यो नारळ दे हिकडं. आनलाच हायस तर पोरीला चटनी वाटून देते, वाटंत खायाला."

नारळ दगडावर आपटल्याचा आवाज आला. उत्कर्षानं वेणीचा पुढचा पेड घेतला.