सोमवारची सही

चातुर्मासातल्या सोमवारी सुलाबाई बोलत नसत. सकाळी आंघोळ करून महादेवाला बेल वाहिला की तोंड बंद, ते संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत. बावीस वर्षांचा नेम. दूधवाल्याला ठाऊक, भाजीवालीला ठाऊक, गेटवरच्या वॉचमनला ठाऊक. गोदाकृपा सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनाही ठाऊक होता. म्हणून तर त्यांनी कमिटीची मीटिंग सोमवारी दुपारी चारला ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, सुलाबाईंना एवढं घाबरायचं कारण काय? कारण काहीच नव्हतं. कमिटीत बायका घ्याव्याच लागतात, असा नियम. एक बाई घेतली ती निवडून आल्यापासून बंगळूरला लेकाकडे. दुसऱ्या सुलाबाई. त्या भांडत नाहीत, हिशेब विचारत नाहीत, आणि बोट ठेवू तिथं सही करतात, ही त्यांची पात्रता. चार वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण मीटिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि त्या दोघा पुरुषांना घाम फुटला.

कारण झालं होतं समोरच्या खातूनबींचं.

जेल रोडच्या आतल्या अंगाला ही इमारत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. तिसऱ्या मजल्यावर सुलाबाईंचं दार आणि खातूनबींचं दार एकमेकांकडे तोंड करून. अठरा वर्षांचा शेजार. खातूनबींनी उभं आयुष्य भट्टीपुढं बसून फरसाण तळलं, त्या धुरानं छाती गेली. आता दिवसरात्र नाकाला नळी आणि बाजूला ऑक्सिजनचं मशीन. मशीन चालतं विजेवर. आणि वीज? दर शनिवारी मेंटेनन्स म्हणून जाते, वारा सुटला की जाते, कधी उगीचच जाते. मागच्या उन्हाळ्यात गेली तेव्हा लिफ्ट बंद, सिलिंडर संपलेला. सून आफिया आणि वॉचमन यांनी खातूनबींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. ओठ जांभळे पडले होते. सुलाबाई पुढं पुढं पायऱ्या उतरत होत्या आणि मृत्युंजयाचा जप चुकत होत्या. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर माझ्याकडं आणायचं कारण नव्हतं.

मग मुबीननं, खातूनबींच्या मुलानं, बॅटरी बसवली. तो मनमाडला रेल्वेत; आठवड्यातले चार दिवस तिकडंच. भिंतीला टांगलेली पांढरी पेटी, देव्हाऱ्याएवढी. लाइट गेली की आपोआप चालू होते आणि मशीन आठ तास ओढते. कंपनीचा माणूस येऊन बसवून गेला, कागदपत्रं देऊन गेला. घर पहिल्यांदा निवांत झोपलं.

सोसायटीची मात्र झोप उडाली.

सेक्रेटरी कुलथे यांनी मोबाईलवर कुठल्याशा गावच्या स्कूटरची बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ पाहिला आणि सोळाच्या सोळा बिऱ्हाडांना पाठवला. कुलथे नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. कागदावर छापलं की त्याला किंमत येते, ही समजूत त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणली होती. दोन दिवसांत त्यांनी 'घरगुती बॅटरी नियमावली' छापली. अकरा कलमं. बॅटरी इमारतीपासून पंधरा फूट लांब ठेवावी. (कंपाउंड भिंत नऊ फुटांवर.) बॅटरीशेजारी चोवीस तास माणूस असावा. बॅटरीवाल्यानं सर्व सभासदांची लेखी संमती घ्यावी. आणि सातवं कलम चेअरमन देवरे यांचं स्वतःचं: बॅटरी हे अग्नितत्त्व असल्यामुळं ती इमारतीच्या आग्नेय कोपऱ्यातच ठेवावी. गोदाकृपाच्या आग्नेय कोपऱ्यात संडासाची टाकी होती.

सुलाबाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. सातव्या कलमाशी त्या जास्त वेळ थांबल्या. देवरे प्लॉटचे व्यवहार करत. गिऱ्हाईक पटवायला दिशा आणि देव दोन्ही त्यांच्या जिभेवर. स्वतः एकादशीला बिर्याणी खातात ते खातात, वर दुसऱ्याच्या घरात अग्निदेव कुठं बसवायचा ते हे सांगणार! देव फार सोशिक, असं सुलाबाईंना पुन्हा एकदा वाटलं.

शेवटी लिहिलं होतं: येत्या शनिवारपर्यंत बॅटरी न हलवल्यास ती सोसायटीमार्फत काढण्यात येईल.

रविवारी त्या कुलथ्यांकडे गेल्या. कुलथे बाल्कनीत उभे होते. तिथून एक्स्टेन्शनची पिवळी वायर दुसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगपर्यंत लोंबत होती आणि टोकाला त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होत होती.

"कुलथेभाऊ, शनिवारी लाइट जाते. पेटी काढली तर खातूनबींचं काय?" सुलाबाईंनी नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं.

"ताई, नियम म्हणजे नियम. तिथं भावना चालत नाहीत."

"नियम तर परवा तुम्हीच केला."

"केला म्हणजे? अहो, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सोळा कुटुंबं आहेत. आणि त्यांनी आम्हाला आधी विचारायला नको? थेट पेटी आणून टांगली! उद्या हे लोक काय काय टांगतील."

"कोण लोक?"

कुलथ्यांनी वायर झटकल्यासारखी केली. "म्हणजे... कोणीही. ताई, तुम्ही पूजा-अर्चा करा. हे टेक्निकल आहे."

"मग ही तुमची स्कूटर?"

"ती गाडी आहे ताई! गाडीला कुठं नियम लावता?"

सुलाबाई परत आल्या. पण तिथून निघताना एवढंच म्हणाल्या, "मीटिंगला मी बोलणार आहे." त्याच संध्याकाळी मीटिंग मंगळवारवरून सोमवारवर आली.

आणि वर कुलथ्यांनी आणखी एक शहाणपण केलं. अग्निशमनच्या माणसालाही सोमवारचं बोलावलं. साहेबासमोर ठराव झाला म्हणजे पेटी साहेबच उचलून नेईल, आपले हात स्वच्छ. दुसऱ्याच्या काठीनं साप मारायची सवय जुनी.

सोमवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. देवरे मधल्या खुर्चीत, कुलथे रजिस्टर मांडीवर घेऊन, सुलाबाई कडेला हातात जपमाळ घेऊन. आफिया शाळेत शिकवून थेट आलेली, ती उभीच. तिला कोणी खुर्ची दिली नाही. सुलाबाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्या मागं सरकवली.

"सुलाताईंचं आज मौन," देवरे हसून म्हणाले. "लिहा कुलथे, ठराव एकमतानं मंजूर. कोणी विरोधात बोललेलं नाही."

कुलथ्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

आफियाचा चेहरा उतरला. "काकू, काहीतरी करा," ती पुटपुटली. सुलाबाईंनी मान हलवली. ओठ आतल्या आत घट्ट मिटलेले. बोलावं? बावीस वर्षांचा नेम मोडावा? महादेव रागावला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आपण या दोघांसाठी नेम मोडायचा, एवढी या दोघांची लायकी आहे का?

तेवढ्यात अग्निशमनचे धम्मपाल साळवे आले. तिशीचा तरुण, हातात फाइल, शर्टाला घाम. त्यांनी चहा नाकारला, सरळ वर गेले, पेटी पाहिली, वायर पाहिली, मागं हवा खेळती आहे का पाहिलं, खातूनबींशी बोलले आणि पंधरा मिनिटांत खाली आले.

"व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "एवढ्या लहान पेटीला परवाना लागत नाही. फक्त माहितीचा अर्ज. तो यांनी भरलाय."

देवरे खुर्चीत पुढं सरकले. "पण आमची नियमावली..."

साळव्यांनी ती वाचली. सातव्या कलमाशी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "साहेब, आग्नेय कोपरा आमच्या नियमात नाही. आणि पंधरा फूट लांब म्हणजे पेटी शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. हे तुमच्या भिंतीला लावा, शोभेला."

"पण उद्या स्फोट झाला तर?"

"मग मी येणारच आहे. माझी नोकरीच ती." साळव्यांनी अर्ज उलटा केला. "फक्त एक सही राहिलीय. इमारतीच्या कमिटीतल्या कोणाही एका सदस्याची. पेटी सांगितलेल्या जागीच आहे, एवढं लिहून द्यायचं. ती नसेल तर अर्ज अपुरा, आणि मला पेटी बंद करायला सांगावं लागेल."

देवऱ्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढलं. "आम्ही सही देणार नाही. लिहा कुलथे."

"आम्ही देणार नाही," कुलथ्यांनी लिहिलं.

"आम्ही म्हणजे?" साळव्यांनी विचारलं.

"कमिटी. मी, हे, आणि एक बंगळूरला," कुलथे म्हणाले.

"एवढीच कमिटी?"

कुलथे गडबडले. "आणि या... सुलाताई. पण त्यांना आज विचारता येणार नाही. मौन आहे. धार्मिक बाब आहे साहेब, आपण त्यात पडू नये."

सुलाबाईंनी माळ कमरेला खोचली आणि उठल्या. पार्किंगच्या फरशीवर त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा झाला. त्यांनी साळव्यांपुढं हात केला. पेनसाठी.

"अहो ताई!" देवरे उठले. "तुम्ही बायकांच्या जागेवर आहात. तुमची सही म्हणजे... नुसती उपस्थितीसाठी असते."

साळव्यांनी पेन दिलं. "बायकांच्या जागेवरची सही अर्धी धरतात का हो तुमच्याकडं?"

वॉचमन हसला, आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"ताई, विचार करा. उद्या काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर येईल. कोर्ट, पोलीस..." देवरे आता गिऱ्हाइकाला पटवायच्या सुरात आले. "तुम्ही देवाधर्माच्या बाई. या भानगडीत कशाला पडता?"

सुलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. माणसाला श्वास मिळतो की नाही, याला हा माणूस भानगड म्हणतो. आणि तोंडात देवधर्म. त्यांच्या मनात जे आलं ते मौनाच्या दिवशी मनातही आणू नये असं होतं. त्यांनी ते आणलं. मग खुर्चीच्या हातावर कागद ठेवला आणि सही केली. एरवी त्या घाईनं 'सुला' एवढंच ओढत. आज पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, फ्लॅट नंबर, तारीख, वेळ. सगळं सुबक, एकेक अक्षर वेगळं. मग सोसायटीचं रजिस्टर कुलथ्यांच्या मांडीवरून घेतलं. 'एकमतानं' या शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं: मला मान्य नाही. पुन्हा सही.

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही!" कुलथे ओरडले.

"शेजारी सही असली की चालते," साळवे म्हणाले. "आणि साहेब, ती पिवळी वायर कोणाची? दुसऱ्या मजल्यावरून उघड्यावर आलीय, जॉइंट चिकटपट्टीनं गुंडाळलाय. ती मात्र धोक्याची आहे. आत्ता काढा, नाहीतर नोटीस काढतो."

कुलथ्यांनी ती काढली. नोटीस म्हणजे छापलेला कागद; तिला ते मान देत. सोळा बिऱ्हाडांतल्या निम्म्या बाल्कन्यांत बायका उभ्या होत्या आणि कोणाच्याही हातात वाळत घालायचे कपडे नव्हते.

आफिया अर्जाची प्रत घेऊन जिन्यानं पळत वर गेली. सुलाबाई सावकाश चढल्या. खातूनबी नळीतून धापा टाकत म्हणाल्या, "सुलाताई, तू तर माझ्यासाठी जामीनच राहिलीस गं. आता आग लागली तर तुला धरून नेतील." सुलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि बिनआवाजी हसल्या, खांदे हलेपर्यंत.

शनिवारी सकाळी नऊला लाइट गेली. ठरल्याप्रमाणं पेटीवर हिरवा दिवा लागला, मशीनचा घुरघुर आवाज क्षणभरही थांबला नाही. सुलाबाई खातूनबींजवळ वालाच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. आफिया वह्या तपासत होती.

बाराच्या सुमाराला दार वाजलं. कुलथे. खांद्यावर तीच पिवळी वायर, वेटोळी करून.

"येऊ का?" त्यांनी घसा साफ केला. "जरा अडचण होती. घरी पाहुणे आलेत, पुण्याचे. श्रीखंड आणलंय दोन किलो, फ्रिज बंद, नुसतं वितळतंय. तुमच्याकडं बॅटरी आहे म्हणून म्हटलं, एक टोक इथं लावलं तर... शेजारधर्म आहे."

आफिया सुलाबाईंकडं बघायला लागली. तिला नाही म्हणणं जमत नव्हतं. सासूच्या घरात दारी आलेल्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. खातूनबी नळी सावरत काही बोलायला गेल्या. त्या 'हो' म्हणणार, हे सुलाबाईंना त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"नाही," सुलाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ. शेंगा मोडणंही थांबलं नाही.

"म्हणजे तासभरच..."

"फ्रिज लावला की आठ तासांचे चार होतात. लाइट कधी येईल, तुम्ही सांगू शकता का? नाही ना. मग ही वीज यांच्या श्वासाची आहे, तुमच्या श्रीखंडाची नाही. पाहुण्यांना आत्ताच वाढा. पातळ झालं तरी गोड लागतं."

कुलथ्यांनी वायर दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागले. सुलाबाईंनी पुढची शेंग घेतली.