डावखुऱ्याची सही

माझ्या दुकानात येणाऱ्या दहा माणसांपैकी नऊ जणांना मी पडल्या तोंडाने परत पाठवतो. सहीचे जुने फोटो खरे की छापील, हे सांगायचा माझा धंदा. कुणाला ट्रंकेत सापडलेला असतो, कुणी जुन्या बाजारातून उचललेला असतो. नटाचा, गायकाचा, पहिलवानाचा फोटो आणि खाली झोकात सही. माणूस आधीच हवेत असतो, मी भिंग लावतो आणि त्याला जमिनीवर आणतो. शेजारचा किल्लीवाला माझ्या दुकानाला ‘मनभंग भांडार’ म्हणतो. म्हणू दे. गोड खोट्यापेक्षा कडू खरं बरं, असं मी मानत आलो होतो.

त्या बाई सोमवारी सकाळी आल्या. वय सत्तरीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, पिशवी पोटाशी धरलेली. टॉवेलात गुंडाळलेले दोन फोटो त्यांनी टेबलावर ठेवले. दोन्हींत एकच तरुण, माइक हातात धरून हसणारा.

“माझा मुलगा,” त्या म्हणाल्या. “ऑर्केस्ट्रात गायचा. सतरा वर्षांपूर्वी बोट बुडाली, त्यात गेला. बोटीच्या यादीत नाव होतं. तो मात्र सापडला नाही.”

पहिला फोटो त्यांच्या घरातल्या भिंतीवरचा. ऑर्केस्ट्रावाल्यांनी असे हजारभर छापून वाटले होते, सहीसकट. दुसरा त्यांच्या भाचीला परगावी जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला होता, एका तडकलेल्या फ्रेममध्ये. त्यावरही सही होती, आणि सहीपुढे तारीख.

“तारीख बघा. बोट बुडाल्यानंतर चार महिन्यांची आहे,” बाई म्हणाल्या. “ही सही खरी असेल तर माझा मुलगा बुडाला नाही. एवढंच सांगा मला, दादा.”

“मावशी, तारीख कुणीही टाकतं. फोटो विकायला लोक काय वाट्टेल ते लिहितात. फार आशा लावून घेऊ नका.”

“सतरा वर्षं लावलेलीच आहे. आता नव्यानं काय लावायची?”

मग त्यांनी न विचारता सांगून टाकलं. नोकरी सोडून गाणं धरलं म्हणून घरात भांडण झालं होतं. पोरगा पायात बूट घालत होता आणि या ओट्यापाशी उभ्या होत्या. “मी म्हणाले, गेलास तर परत तोंड दाखवू नकोस. तेवढंच शेवटचं बोलणं आमचं.”

मी त्यांना गुरुवारी यायला सांगितलं.

दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. आधी फोटो तिरपा धरून दिव्याखाली फिरवला. छापील सही फोटोच्या आत असते, चकाकीच्या खाली. खरी शाई वर बसते आणि वेगळी चमकते. भिंतीवरच्या फोटोत चकाकी सलग होती. दुसऱ्यात सही उठून दिसली. मग काचेखाली दिवा लावून दोन्ही सह्या एकावर एक धरल्या. माणूस जन्मात दोनदा तंतोतंत तीच सही करत नाही. तंतोतंत जुळली, तर एक दुसरीवरून उतरवलेली. या जुळल्या नाहीत. वळण एकच, पण नव्या सहीचा शेवटचा फराटा आखूड होता, घाईतला.

तरीही मी हो म्हणालो नसतो. हुशार लबाडाला एवढं जमतं. पण भिंगाखाली मला एक फरपट दिसली. सहीची शाई उजवीकडे पुसटशी ओढली गेली होती आणि तो डाग तारखेच्या पहिल्या आकड्यांवरून गेला होता. म्हणजे सही ओली असतानाच तारीख लिहिली गेली होती, आणि लिहिणाऱ्याचा तळवा ओल्या सहीवरून घसरत उजवीकडे गेला होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचं असं होत नाही. तळवा अक्षरांच्या मागून येतो तो डावखुऱ्याचा. नक्कल करणारे सही घोटून घोटून बसवतात. डाग घोटायचं कुणाला सुचत नाही.

मी खूश झालो, हे कबूल करायला आता लाज वाटते. नऊ जणांनंतर एकदाचा दहावा आला होता.

बुधवारी एक म्हातारे गृहस्थ आले. आधी शाईची दौत उचलून पाहिली, मग शटरचं कौतुक केलं, मग म्हणाले, “सहज या बाजूला आलो होतो.” ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी रोज बघतो.

“काका, काम काय आहे?”

“सोमवारी माझी बायको येऊन गेली. मुलाचा फोटो घेऊन.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तो नकली आहे म्हणून सांगा तिला.”

“मुलगा डावखुरा होता का?”

ते दचकले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“फोटोनं.”

ते स्टुलावर बसले ते बसलेच. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

“तो आला होता,” ते म्हणाले. “बोट बुडाल्यावर तीन महिन्यांनी. ऐन दुपारी. ही हॉस्पिटलात होती, अन्न सोडलं होतं हिनं, नळीनं भरवत होते. आणि हा दारात उभा, धडधाकट. म्हणाला, बोटीत चढलोच नव्हतो, रागात होतो म्हणून कळवलं नाही. माझं डोकं फिरलं. म्हणालो, तिला मरणाच्या दारात नेलंस, आता काय बघायला आलास? आमच्यासाठी तू मेलास. आणि दार लावलं.”

“मग?”

“मला वाटलं, संध्याकाळी येईल. पोरगं आहे, जाईल कुठं? दोन महिने दाराला कडी घातली नाही मी. आला नाही. ही बरी होऊन घरी आली, तेव्हा सांगायचं होतं. उद्या सांगू, परवा सांगू करत सतरा वर्षं गेली.”

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मी म्हणालो, “काका, मी कागदावर जे आहे तेच सांगतो. खोटं सांगणार नाही. बाकीचं माझं काम नाही, ते तुम्ही सांगा. आज रात्रीच सांगा. उद्या त्यांना माझ्याकडून अर्धंच कळलं तर फार वाईट होईल.”

त्यांनी पाणी न पिता पेला खाली ठेवला आणि गेले.

गुरुवारी दोघं बरोबरच आले. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मी खुर्ची पुढे करताना काकांकडे पाहिलं, भुवया उंचावून विचारलं, सांगितलंत? त्यांनी मान हलवली. स्पष्ट, वरून खाली.

मी बाईंना म्हणालो, “मावशी, सही खरी आहे. तारीखही त्याच्याच हातची, त्याच वेळची. चार महिन्यांनंतर तुमचा मुलगा जिवंत होता.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत कळेना. मला वाटतं दोन्ही. “मी म्हणत होते,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. “मी म्हणत होते ना, अहो? पोहता येत होतं त्याला.”

मग हळूहळू त्यांचे हात खाली आले.

“चार महिने,” त्या म्हणाल्या. “चार महिने जिवंत होता, आणि घरी आला नाही.”

मी काकांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ती मान ‘सांगितलं’ म्हणून हललीच नव्हती. ‘मी म्हणालो तसं सांगा’ म्हणून हलली होती. ओल्या शाईचा डाग ओळखणाऱ्या मला समोरच्या माणसाची मान ओळखता आली नव्हती.

“मीच म्हणाले होते ना, तोंड दाखवू नकोस,” बाई म्हणाल्या. “ऐकलं त्यानं. आयुष्यात कधी ऐकलं नाही माझं, तेवढंच ऐकलं.”

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. शेजारी किल्लीवाल्याची कानस चालू होती. ती थांबली, पुन्हा सुरू झाली.

“आला होता,” काका म्हणाले.

बाईंनी मान वळवली.

“तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा. मी घरात घेतलं नाही.”

मला वाटलं, त्या ओरडतील, फोटो फेकतील. त्या नुसत्या बघत राहिल्या, भाजीवाल्याने वजन करताना बघावं तसं, नीट, दोन्ही पारड्यांकडे. मग विचारलं, “काय म्हणाला?”

“आईला भेटायचंय म्हणाला.”

“जेवला होता का?”

“मी विचारलं नाही.”

“उन्हातून आला असेल. पाणी?”

काकांनी आडवी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ एकच होता.

बाईंनी भिंतीवरचा फोटो टेबलावरच ठेवला. खरा फोटो टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला, पिशवी पोटाशी धरली आणि निघाल्या. दारात जरा थांबल्या, तेव्हा काका उठायला लागले. त्या पायरीसाठी थांबल्या होत्या. त्या पायरी उतरल्या आणि मागे न बघता गल्लीतून चालत गेल्या.

काका पुन्हा खाली बसले. छापील फोटो त्यांच्यासमोर पडला होता, माइक धरून हसणारा.

तो सरळ करत ते म्हणाले, “तुमची चूक होत असेल ना कधी?”

“होते,” मी म्हणालो. “फोटोत नाही.”